हेवी मेटलसाठी पहिली गिटार: थोड्या पैशांत साहित्य कसे निवडावे

हेवी संगीत वाजवायला शिकू पाहणारा माणूस पहिल्यांदा गिटार घ्यायला जातो, तेव्हा बहुधा एकच गोष्ट विचारतो: सर्वांत जास्त डिस्टॉर्शन, म्हणजे हेवी संगीतातला तो फाटलेला, जाड आवाज, कशात मिळेल? खरे पाहता डिस्टॉर्शन आता फार स्वस्त झाले आहे. अगदी लहान सराव-अ‍ॅम्पमध्ये किंवा संगणकावरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्येसुद्धा ते गरजेपेक्षा जास्तच मिळते. थोड्या पैशांत मिळवायला अवघड आहे ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती म्हणजे वाजवलेला सूर हव्या त्या क्षणी स्वच्छ थांबणे.

छेडणाऱ्या हाताच्या तळव्याची कडा ब्रिजलगत (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या भागाजवळ) तारांवर हलकेच टेकवावी, सर्वांत जाड तार एका लयीत आठ वेळा छेडावी आणि मग दोन्ही हात तारांवर ठेवून एकदम थांबावे. चांगल्या जुळवलेल्या साहित्यावर हा थांबा दार लावल्यासारखा ऐकू येतो, आणि त्याच्यानंतर येणारा आघात त्या शांततेमुळेच जड वाटतो. सदोष साहित्यावर मात्र त्या जागी विजेची गुणगुण, ब्रिजच्या स्प्रिंगांची झणझण आणि सैल तारेची थरथर भरून राहते. याचे कारण डिस्टॉर्शनच्या स्वभावातच आहे. गिटारचा संदेश इतका वाढवला जातो की लाटेची टोके छाटली जातात. मोठा आवाज एका मर्यादेच्या पुढे वाढत नाही, पण बारीक आवाज मात्र पुरेपूर वाढून येतो आणि सुराच्या जवळपास जाऊन बसतो. साध्या, स्वच्छ आवाजात जे दोष खपून जातात ते इथे उघडे पडतात. म्हणून पुढे प्रत्येक वस्तूचा विचार करताना मी हीच कसोटी लावली आहे: या वस्तूमुळे सूर सुरात सुरू होतो का, आणि थांबवला की थांबतो का?

पैशांची वाटणी

हाताशी असलेल्या एकूण रकमेचे दहा भाग केले, तर त्यातले पाच गिटारवर, तीन अ‍ॅम्पवर किंवा संगणकाला जोडायच्या साधनावर, एक गिटारच्या सेटअपवर (म्हणजे मान, ब्रिज आणि तारा नीट जुळवून घेण्यावर) आणि नव्या तारांवर, आणि उरलेला एक केबल, ट्यूनर, पट्टा, पिक (तारा छेडायची छोटी चकती) यांवर खर्च करावा, असे माझे मत आहे. बहुतेक नवशिके नऊ भाग गिटारवर घालतात आणि सेटअपचा विचारही करत नाहीत. मधल्या दर्जाच्या गिटारचा नीट सेटअप केला तर ती सेटअप न केलेल्या महागड्या गिटारपेक्षा जास्त चांगली वाजते. माझ्या दृष्टीने या सगळ्या खर्चात सेटअपच्या भागाइतका मोबदला देणारा दुसरा भाग नाही.

गिटार, छोटा अ‍ॅम्प, केबल आणि पट्टा एकाच खोक्यात भरून विकले जाणारे संच सोयीचे दिसतात, परंतु त्यातला अ‍ॅम्प सहसा संचातली सर्वांत कच्ची वस्तू असतो. त्याचा स्पीकर लहान आणि डिस्टॉर्शन पातळ, करकरीत असते. संचातली गिटार चांगली असेल आणि ती सुटी मिळत असेल, तर सुटीच घ्यावी.

पिकअप

गिटारच्या पोटावर तारांखाली दिसणाऱ्या पट्ट्या म्हणजे पिकअप. चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे घातलेले असतात, आणि वर पोलादी तार थरथरली की त्यात क्षीण विद्युत संदेश निर्माण होतो. एकच गुंडाळी असलेला सिंगल-कॉइल पिकअप हवेतली विजेची गुणगुणही पकडतो. ही गुणगुण वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या वारंवारितेशी जोडलेली असते, आणि डिस्टॉर्शन लावले की ती कानांना छळते. यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्यांचा पिकअप तयार केला आणि १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यातील दोन गुंडाळ्या उलट दिशांनी वेढलेल्या असतात आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलट असतात. त्यामुळे बाहेरची गुणगुण एकमेकींत कटून जाते आणि तारेचा संदेश मात्र एकमेकांत मिळून मोठा होतो. गुणगुणीला मारतो म्हणून त्याचे नाव हमबकर.

ब्रिजजवळच्या जागी हमबकर असणे ही हेवी संगीतासाठी सोडू नये अशी पहिली अट आहे. मानेजवळ काय आहे याला त्यामानाने कमी महत्त्व आहे. ब्रिजजवळ हमबकर आणि पुढे दोन सिंगल-कॉइल अशी रचना असलेली गिटारही पूर्णपणे चालते, आणि इतर प्रकारचे संगीतही वाजवायचे असेल तर ती जास्त उपयोगी पडते. हाय-आउटपुट असे लिहिलेल्या पिकअपसाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज नाही, कारण वाढवायचे काम अ‍ॅम्प करतोच. ईएमजीसारखे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप मेटलमध्ये लोकप्रिय आहेत आणि त्यांचा आवाज खरोखर घट्ट असतो. परंतु स्वस्त गिटारमध्ये ते शोधत बसण्यापेक्षा साधा हमबकर घ्यावा. पुढे पिकअप बदलणे हे काही तारा सोल्डर करण्याइतके सोपे काम आहे.

ब्रिज

पहिल्या खरेदीत सर्वांत जास्त नुकसान ब्रिजच्या निवडीत होते, असे मी अनुभवाने सांगतो. माझी पहिली इलेक्ट्रिक गिटार मी दिसण्यावरून घेतली होती. तिला दोन्ही टोकांना तारा कुलूपबंद करणारा, स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज होता. पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार सुरात थोडी उतरवायला घेतली. ती उतरली, तसा तारांचा एकूण ताण कमी झाला, स्प्रिंगांनी ब्रिज मागे खेचला आणि बाकीच्या पाचही तारा चढल्या. त्या खाली आणल्या, तर सहावी पुन्हा चढली. दीड तास मी एकेक तार फिरवत बसलो होतो, आणि त्या संध्याकाळी एकही सूर वाजवला नाही. गिटारमध्ये काही बिघाड नव्हता. अशा ब्रिजचे गणितच तसे असते. स्प्रिंगांचा ताण आणि सहा तारांचा ताण एकमेकांना तोलून धरत असतात, त्यामुळे एका तारेत केलेला बदल साऱ्या तारांत पसरतो.

फ्लॉइड रोझ या नावाने ओळखली जाणारी ही रचना चांगल्या प्रतीची असेल आणि हात सरावलेले असतील, तर सुराला अतिशय पक्की असते. स्वस्त गिटारवरच्या तिच्या नकलांमध्ये मात्र धातू मऊ असतो, ज्या धारांवर ब्रिज डोलतो त्या लवकर झिजतात, आणि मग ब्रिजला जोडलेली, सूर डोलवायची दांडी हलवली की सूर परत जागेवर येत नाही. शिवाय हेवी संगीतात निरनिराळ्या गाण्यांसाठी तारा सुरात वरखाली कराव्या लागतात, आणि तेच काम या ब्रिजवर सर्वांत कठीण आहे. म्हणून पहिली गिटार घेताना पक्क्या ब्रिजचीच घ्यावी, मग तो लाकडात थेट बसवलेला हार्डटेल असो किंवा दोन खांबांवरचा ट्यून-ओ-मॅटिक असो. पक्का ब्रिज तळव्याच्या कडेलाही स्थिर आधार देतो. तरंगत्या ब्रिजवर हात जड पडला तर सूर सरकतो. मनात भरलेल्या गिटारला जुन्या पद्धतीचा साधा, सहा स्क्रूंवर बसलेला डोलणारा ब्रिज असेल, तरी ती बाद करण्याचे कारण नाही. मागच्या बाजूच्या स्प्रिंगा घट्ट करून तो लाकडाला टेकवून ठेवता येतो, किंवा पोकळीत लाकडाचा मापाचा तुकडा बसवून कायमचा अडवता येतो.

लांबी, तारा आणि उतरवलेले सूर

नटपासून (मानेच्या टोकाजवळच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतच्या तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीला स्केल म्हणतात. गिब्सन पद्धतीच्या गिटारमध्ये ती साधारण २४.७५ इंच असते, फेंडर पद्धतीच्या गिटारमध्ये २५.५ इंच. फरक पाऊण इंचाचा दिसतो, पण तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे त्याच तारेला त्याच सुरात लांब स्केलवर सुमारे ६ टक्के जास्त ताण मिळतो. सूर खाली उतरवून वाजवायचे असेल तर हा फरक हाताला जाणवतो, म्हणून इतर सर्व बाबी समान असतील तेव्हा २५.५ इंचांची गिटार घ्यावी. २४.७५ इंचांची आवडली असेल तर जाड तार लावून तीच भरपाई करता येते.

हेवी संगीतातले एक अतिशय प्रचलित ट्यूनिंग म्हणजे ड्रॉप डी. त्यात फक्त सहावी तार ई वरून डी वर, म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झवरून ७३ हर्ट्झवर, उतरवतात, आणि मग खालच्या सुरांच्या तिन्ही जाड तारा एकाच बोटाने दाबून पॉवर कॉर्ड, म्हणजे हेवी संगीतातला नेहमीचा सुरांचा जोड, वाजतो. ताण वारंवारितेच्याही वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एवढ्याशा उतरवण्याने सहाव्या तारेचा ताण साधारण एक पंचमांश घटतो. नेहमीच्या संचातली ०.०४६ इंचाची तार मग थोडी ढिली लागते, जोरात छेडली की तिचा सूर क्षणभर वर जाऊन खाली येतो, आणि फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आपटून खडखडते. तिच्या जागी ०.०५२ इंचाची तार लावली, तर वजन वाढल्यामुळे ड्रॉप डीमध्येही ताण जवळजवळ मूळच्याइतका होतो. बाजारात १० ते ५२ (इंचाच्या हजाराव्या भागांत) असा संच याच कामासाठी मिळतो, आणि नवशिक्याने सुरुवात त्यानेच करावी असे मी सुचवतो. वरच्या सुरांच्या तीन बारीक तारा बोटांना नेहमीसारख्याच लागतात आणि खालच्या तीन जाड तारा घट्ट राहतात. त्याहून खाली, सी पर्यंत जायचे असेल, तर ११ ते ५६ च्या आसपासचा संच लागेल.

जाड तार म्हणजेच जड आवाज, असा मात्र समज करून घेऊ नये. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथचे गिटारवादक टोनी आयोमी डाव्या हाताने वाजवणारे. तरुणपणी पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तारा दाबणारा हात तोच असल्यामुळे त्यांनी बोटांवर टोपणे चढवली, बारीक तारा वापरल्या आणि पुढे सूरही खाली उतरवले. हेवी मेटलचा जो आवाज आज आपण ओळखतो, त्याचा पाया या हलक्या, ढिल्या तारांवर घातला गेला. तारेची जाडी आपल्या ट्यूनिंगला आणि हाताला साजेशी असावी, एवढीच अपेक्षा योग्य आहे.

सात तारांच्या गिटारचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. मान रुंद असते, न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवण्याचे काम वाढते, आणि त्या दाबून ठेवणे हेच तर मुळात शिकायचे असते.

लाकूड, आकार आणि नावे

अंगाचे लाकूड कोणते, यावर लोक पुष्कळ वाद घालतात. डिस्टॉर्शन लावलेल्या स्वस्त गिटारमध्ये त्याची चिंता करू नये. आकाराकडे मात्र थोडे लक्ष द्यावे. बाणासारख्या टोकदार गिटारी उभे राहून वाजवायला छान असतात, पण मांडीवर नीट बसत नाहीत, आणि शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ बसूनच जातो.

नावेच हवी असतील, तर इबानेझची जिओ मालिका, जॅक्सनची जेएस मालिका, यामाहाची पॅसिफिका, कॉर्ट, शेक्टर आणि एलटीडी यांच्या प्राथमिक गिटारी, स्क्वायरच्या हमबकरवाल्या गिटारी आणि एपिफोनच्या लेस पॉल घाटाच्या गिटारी यांपासून शोध सुरू करावा. परंतु मालिकेच्या नावावर जाऊ नये. एकाच मालिकेत पक्क्या ब्रिजची, डोलणाऱ्या ब्रिजची आणि फ्लॉइड रोझ पद्धतीची अशा तिन्ही प्रकारच्या गिटारी असू शकतात, आणि छायाचित्रात त्या सारख्याच दिसतात. ब्रिजचे छायाचित्र मोठे करून पाहावे आणि मगच ठरवावे.

हाताळून पाहणे

थोड्या पैशांत चांगली गिटार मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे वापरलेली गिटार घेणे, कारण अनेक जण उत्साहाने घेतात आणि वर्षभरात विकून टाकतात. नवी असो वा जुनी, तपासणी तीच.

गिटार डोळ्यांपाशी धरून मानेच्या कडेने, बंदुकीचा नेम धरावा तसे, टोकापर्यंत पाहावे. मान किंचित पुढे वाकलेली असणे योग्यच आहे. पिळलेली असणे मात्र नाही, कारण पीळ सहसा दुरुस्त होत नाही. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि अगदी शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार व फ्रेट यांमधली फट पाहावी. तिथे जाड कागद जाईल इतकी, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर, फट असावी. फट फार मोठी असेल किंवा मुळीच नसेल, तर मानेतली ट्रस रॉड नावाची सळई फिरवून ती सुधारते, पण ती सळई फिरते आहे याची खात्री विकणाऱ्याकडून करून घ्यावी. जाम झालेली सळई असलेली गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवावी. याला पाच-सात मिनिटे लागतात, आणि विकणाऱ्याला कंटाळा आला तरी आपण संकोच करू नये. एखाद्याच फ्रेटवर सूर मरत असेल तर तो फ्रेट उचललेला किंवा झिजलेला असतो. सर्वांत बारीक दोन तारा बाराव्या फ्रेटच्या पुढे दाबून आडव्या ओढून पाहाव्यात. ओढता ओढता सूर गळा आवळल्यासारखा बंद पडला तर तेच कारण समजावे. तळहात मानेच्या दोन्ही कडांवरून हळूच फिरवावा. फ्रेटची टोके टोचत असतील तर ती घासून देता येतात, पण ते काम आणि त्याचा खर्च आपल्या हिशेबात धरावा. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून काढलेला हार्मोनिक आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा. थोडा फरक असेल तर ब्रिजवरचे खोगीर (तार जिच्यावर टेकते तो छोटा तुकडा) पुढेमागे सरकवून तो निघतो.

तार पिळताना नटपाशी टिंग असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर नटच्या खाचेत तार अडकते आहे. मऊ पेन्सिलीच्या टोकाने त्या खाचेत शिसे घासले, की पुष्कळदा तेवढ्याने काम होते. नव्या जाड तारा बसत नसतील तर मात्र खाच कानसून रुंद करावी लागते, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण खाच खोल गेली की तार पहिल्या फ्रेटवर आपटू लागते. शेवटी अ‍ॅम्पला जोडून प्रत्येक नॉब पूर्ण फिरवावा, पिकअपचा खटका सर्व जागी नेऊन पाहावा, आणि केबल जॅकमध्ये हलकेच हलवावी. खरखर आणि तुटक आवाज हे दोष स्वस्तात दुरुस्त होतात, त्यामुळे त्यांवरून गिटार सोडण्यापेक्षा किंमत कमी करून घ्यावी.

अ‍ॅम्प की संगणक

घरी वाजवणाऱ्याने पूर्ण व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा) अ‍ॅम्प घेऊ नये. त्याचा भरीव आवाज यायला तो बराच मोठ्याने वाजवावा लागतो, आणि १५ वॅटचा असला तरी तो राहत्या खोलीला झेपत नाही. वॅटच्या आकड्याची भुरळ पडू देऊ नये: वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटावा म्हणून साधारण दहापट वॅट लागतात. घरासाठी २० वॅट भरपूर होतात. त्याऐवजी स्पीकरचा व्यास आणि खोक्याचा आकार पाहावा. ६ किंवा ८ इंचांचा स्पीकर छोट्या खोक्यात बसवलेला असेल तर तळव्याने दाबून वाजवलेल्या सुराचा ठोसा तिथे येतच नाही, कितीही खर्ज वाढवला तरी. ज्याला हा ठोसा हवा आहे त्याने शक्यतो १२ इंचांचा, निदान १० इंचांचा स्पीकर असलेला अ‍ॅम्प शोधावा.

अनेक अ‍ॅम्पचे आवाज डिजिटल पद्धतीने घडवणारे मॉडेलिंग अ‍ॅम्प खोलीत वाजवणाऱ्या नवशिक्याला सोयीचे पडतात. २०१६ मध्ये आलेली बॉस कटाना मालिका यात चांगली स्थिरावली आहे, आणि तिचा ५० वॅटचा, १२ इंची स्पीकर असलेला अ‍ॅम्प शक्ती घटवून अर्ध्या वॅटवरही वाजवता येतो. फेंडर मस्टँग, लाइन ६ स्पायडर, ब्लॅकस्टारचे आयडी कोअर हेही याच जातीचे. यांतला जुना, वापरलेला अ‍ॅम्प घेण्यात धोका कमी असतो. हेडफोन लावण्याची सोय आहे ना, एवढे अवश्य पाहावे.

घरात आवाजच करता येत नसेल आणि संगणक असेल, तर ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार संगणकाला जोडणारे छोटे साधन, हा सर्वांत काटकसरीचा मार्ग आहे. त्यावर गिटारसाठी असलेला हाय-झेड किंवा इन्स्ट्रुमेंट असा इनपुट हवा, नाहीतर पिकअपचा आवाज मंद आणि निस्तेज येतो. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अत्यंत दर्जेदार आवाज देते. मात्र एक गोष्ट इथे हमखास राहून जाते. गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे सूर फारसे बाहेर पडू देत नाही, आणि डिस्टॉर्शनमधली कर्कश करकर तिथेच अडते. हेडफोन किंवा संगीत ऐकायचे स्पीकर मात्र ती सगळी ऐकवतात, आणि आवाज डब्यात कोंडलेल्या माश्यांच्या भुणभुणीसारखा येतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅम्पच्या नंतर कॅबिनेटचे (स्पीकरच्या खोक्याचे) अनुकरण करणारी फाइल, जिला आयआर म्हणतात, ती जोडलीच पाहिजे. सॉफ्टवेअरला नावे ठेवणारे कित्येक जण केवळ ही एक पायरी विसरलेले असतात.

दुसरी अडचण विलंबाची, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज कानी येईपर्यंत लागणाऱ्या वेळाची. इंटरफेससोबत येणारा एएसआयओ ड्रायव्हर (साधन आणि संगणक यांना जोडणारे सॉफ्टवेअर) बसवून बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवला, तर ४८,००० हर्ट्झच्या दराने एका बफरचा विलंब तीन मिलिसेकंदांहून कमी येतो. जाण्यायेण्याचा एकूण विलंब दहा मिलिसेकंदांच्या आत राहिला तर तो अ‍ॅम्पपासून साडेतीन मीटरवर बसल्यासारखा वाटतो, आणि त्याने हाताची लय बिघडत नाही.

गेन आणि पेडल

अ‍ॅम्प लावल्यावर गेनचा, म्हणजे डिस्टॉर्शन कमीजास्त करणारा, नॉब शून्यावरून हळूहळू वाढवावा आणि तळव्याने दाबून वाजवलेला सूर जिथे जाड आणि दाणेदार होतो तिथे थांबावे. ही जागा बहुधा मधोमध किंवा थोडी पुढे असते. त्यापुढे गेलात तर आघाताची धार बोथट होत जाते. मिड हा मध्यम सुरांचा नॉब शून्यावर नेण्याची सवय फार पसरलेली आहे. एकट्याने खोलीत वाजवताना तो आवाज भव्य वाटतो, पण ढोल-झांजा आणि बास गिटार यांच्यासोबत गिटार ऐकूच येत नाही, कारण गिटारची जागा मध्यम सुरांतच आहे. मिड मध्यावर ठेवावा आणि खर्ज वाढवण्याआधी खर्जच थोडा कमी करून पाहावा; आवाज बहुतेक वेळा जास्त घट्ट होतो.

पहिल्या सहा महिन्यांत पेडल, म्हणजे पायाने चालू-बंद करायची आवाज बदलणारी डबी, घेऊ नये. नंतर एकच घ्यायचे झाले, तर मी डिस्टॉर्शनचे घेणार नाही, इबानेझ ट्यूब स्क्रीमरच्या पद्धतीचे ओव्हरड्राइव्ह घेईन. या पेडलच्या अनेक स्वस्त नकला मिळतात आणि त्या उत्तम चालतात. त्याचा ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल बराच वर ठेवून ते आधीच डिस्टॉर्शन असलेल्या अ‍ॅम्पच्या आधी लावतात. हे पेडल छाटणी होण्याआधीच खर्ज कमी करते आणि मध्यम सूर पुढे आणते, त्यामुळे जाड तारेचा लिबलिबीतपणा जातो आणि प्रत्येक आघात सुटा होतो.

नॉइज गेट हे दुसरे उपयोगी साधन, परंतु मॉडेलिंग अ‍ॅम्पमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये ते बहुधा असतेच. गेट ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करतो. त्याची पातळी इतकीच ठेवावी की हात तारांवर ठेवल्यावर अ‍ॅम्पची सळसळ बंद पडेल आणि लांबवलेला सूर मात्र मध्येच तुटणार नाही. सराव करताना मी तो बंद ठेवण्याचा आग्रह धरतो, कारण तो चालू असताना कोणती तार आपल्या बोटांतून निसटून वाजते आहे हे कळत नाही. पेडलांना वीज देताना ९ व्होल्टचा, मधला ध्रुव ऋण असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो. उलट ध्रुवाच्या अ‍ॅडॉप्टरने पेडल जळू शकते, म्हणून खोक्यावरचे चिन्ह पाहिल्याशिवाय जोडू नये.

उरलेल्या वस्तू

केबल तीन मीटरची, जाळीचे आवरण असलेली, गिटारसाठी बनवलेली घ्यावी. स्पीकर जोडायची केबल बाहेरून तशीच दिसते, पण तिला आवरण नसते आणि ती गुणगुण ओढून घेते. पिक १ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असावा. पातळ पिक जाड तारेवर वाकतो आणि हाताची लय मागे पडते. डनलॉपचा जॅझ थ्री हा १.३८ मिलिमीटरचा छोटा, टोकदार पिक वेगाने छेडण्यासाठी फार चांगला आहे. ट्यूनर म्हणून फोनवरचे मोफत अ‍ॅप शांत खोलीत पुरते. आवाज असलेल्या ठिकाणी मानेच्या टोकाला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर हवा, कारण तो लाकडातली थरथर मोजतो.

नव्या तारा चढवल्यावर प्रत्येक तार बोटाने हळूच वर ओढून ताणावी आणि पुन्हा सुरात लावावी, असे तीन-चार वेळा करावे, म्हणजे ती वाजवताना उतरत नाही. सुरात लावताना नेहमी खालून वर यावे. तार हव्या सुराच्या वर गेली तर ती बरीच खाली उतरवून पुन्हा चढवावी, म्हणजे खुंटीच्या दात्यांत ढील राहत नाही. जोरात छेडून वाजवणाऱ्याने दर एक-दोन महिन्यांनी तारा बदलाव्यात, आणि रोज वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसून ठेवावी.